आईचा प्रॉम्प्टर

नागसेननं हॉलचं दार असं ढकललं की मागच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. बघू देत. चंद्रपूरच्या त्या कॉलेजात फिल्म क्लबवाले रविवारी परदेशी सिनेमे दाखवायचे, आणि त्याची सत्तरीतली आई, रुखमाबाई, घरात कुणाला न सांगता तिथं जाऊन बसायची. जायची जिशानच्या ऑटोतून आणि बसायचीही जिशानच्याच शेजारी. ही बातमी त्याला गल्लीतल्या गुणवंतरावांनी पुरवली होती. "तुमच्या मायची मजा आहे बा," म्हणाले होते, ओठ दाबून हसत.

राग काही आजचाच नव्हता. वर्षभर आईचं वागणं त्याच्या डोक्यात जात होतं. नागसेनच्या बायकोची बहीण दारात उभी असताना ही ओळख न देता आत निघून गेली. ते प्रकरण महिनाभर गाजलं. नातीचा गॅदरिंगचा फोटो फोनवर दाखवला तर "छान हाय" म्हणून फोन परत. लग्नाकार्याला चल म्हटलं की हिचे गुडघे दुखणार. घरच्यांशी हा तुसडेपणा, आणि दोस्ती कुणाशी, तर नुकतंच मिसरूड फुटलेल्या ऑटोवाल्याशी! त्यातून मुसलमानाच्या पोराशी. जात-धर्म आपण मानत नाही, हे नागसेन दर चौदा एप्रिलला माईकवरून सांगायचा. आज ते त्याला आठवलंसुद्धा नाही.

सिनेमा फ्रेंच होता. कालव्यातल्या होडीत एकटा राहणारा खडूस म्हातारा आणि शाळा बुडवून त्याच्याकडे पळून येणारी एक पोरगी. दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं पळत होती. तिसऱ्या रांगेत आई हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, पोट धरून. घरात ती अशी कधी हसली होती ते नागसेनला आठवेना, आणि त्यामुळे तो आणखीच पेटला. जिशान तिच्या कानाला लागून सारखा काहीतरी पुटपुटत होता.

तिला हाताला धरून बाहेर काढायचं, एवढंच ठरवून तो तिच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. तेव्हा ते पुटपुटणं नीट ऐकू आलं.

"बुढा म्हणते, माह्या होडीत पाय ठेवला त पाण्यात फेकून देईन. पोरगी म्हणते, फेक, मले पोहता येते."

अच्छा, असं आहे होय. रुखमाबाईनं उमेदीची सगळी वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काढली होती. अक्षरओळख कधीच नव्हती. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य फेकायचा, ती अलगद झेलायची आणि अख्खा मांडव रडवायची. आता जिशान तिचा प्रॉम्प्टर झाला होता. ती वाचत नाही म्हणून इंग्रजीचं आपल्या बोलीत करून सांगत होता. नागसेनचा राग जरा खाली आला, पण गेला नाही. एवढं काम पोटच्या पोराला जमलं नसतं? सांगून तर बघायचं होतं.

पडद्यावरचं भांडण संपलं. अक्षरं गेली. कुणी बोलेना, नुसतं पाणी वाजत होतं. जिशान मात्र बोलतच होता.

"आता दोघं होडीच्या टोकावर बसले, आजी. बुढा संत्रं सोलून राह्यला. एक फोड पोरीच्या हातावर ठेवली. पोरगी रडून राह्यली, पण त्याले दिसू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं."

"बुढ्याले समजलं?"

"समजलं ना. म्हणून त पाहत नाई तिच्याकडे. संत्रंच सोलून राह्यला."

आईला पकडायला पुढं केलेला नागसेनचा हात तिथंच थांबला. पडदा भिंतभर होता. त्यावरचं संत्रं टोपलीएवढं दिसत होतं. हे सांगायची काय गरज होती? तो पुढं वाकला आणि त्यानं आईचा चेहरा पाहिला. तो पडद्याकडं नव्हताच. कोपऱ्यातल्या स्पीकरकडं होता.

"माय," त्याचा आवाज चढाच निघाला, "तुले दिसत नाई?"

जिशान दचकून उठला. "भाऊ, मी त फक्त..." रुखमाबाईनं चाचपडत त्याची बाही पकडली आणि त्याला खाली बसवलं.

"सावल्या दिसते," ती म्हणाली. "बाकी नाई."

"अन् हे तू ह्याले सांगतलं? परक्या पोट्ट्याले? मले काऊन नाई सांगतलं?"

आजूबाजूच्यांनी शू केलं. आता रुखमाबाईचाही आवाज चढला.

"म्या कोणालेच नाई सांगतलं. त्यानं विचारलं. आता चूप राय, बुढ्याचं पुढं काय होते ते आयकू दे मले."