दाराबाहेरच्या चपला

मोठ्या कंपन्यांच्या गेम्सचा मला कंटाळा येतो. कुणीतरी एकट्याने बनवलेले, कुणीच न खेळलेले गेम मी रविवारी दुपारी शोधत बसते. आजच्या गेमला एकही रिव्ह्यू नव्हता. बनवणाऱ्याचं नावही नव्हतं.

सुरू केला. एक जिना, एक बंद दार, दाराबाहेर पुरुषाच्या चपला. डाव्या चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन.

मी माउस सोडला.

माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दोन वर्षं झाली, तरी आई त्यांच्या चपला दाराबाहेरच ठेवते. डोंबिवलीच्या या घरात आम्ही दोघीच बायका. आत पुरुष माणूस आहे असं लोकांना वाटावं म्हणून. डाव्या चपलेला पिन मीच लावली होती.

स्क्रीनवर एकच वाक्य आलं: 'अजून किती दिवस बाहेर?'

मला एकदम भरून आलं. मी चपलांवर क्लिक केलं. दार उघडलं, त्या आत गेल्या, दार लागलं आणि गेम संपला.

उठून मी आमचं दार उघडलं. बाहेर फक्त आम्हा दोघींच्या चपला होत्या.

"क्षिप्रा, चहा झाला गं," स्वयंपाकघरातून आई नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "अण्णांचा बिनसाखरेचा आधी ने."