कोरं लाकूड

“अगरूच्या झाडांत राळ धरली की तोडून विकू. तोवर बागेतल्या खोलीत राहा, वहिनी. पुढचं तुमचं तुम्ही बघा,” नवरा गेला तेव्हा धाकट्या दिराने बजावलं होतं. खोडांना भोकं तो पाडायचा, त्यांत मिठाचं पाणी ती ओतायची. मिठाने झाड आतून चरचरतं अन् त्या दुखण्याची सुगंधी राळ होते.

आज त्याने पहिलं झाड चिरलं. आत ना काळी रेघ, ना वास.

“तुम्ही पांढऱ्या पायाच्या, म्हणून लाकूडही पांढरं!”

ती खाली बसून ढलप्या गोळा करू लागली.

“नाहीतर दादाने रोपंच भिकार लावली असतील.”

ती ताडकन उठली. “त्यांच्या रोपांना नावं ठेवू नका, भाऊजी. मी भोकांत साधंच पाणी ओतत आले.”