बदकाचं पुढे काय झालं

शेवटचं पान वाचून त्याने पुस्तक मिटलं आणि तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा नंबर होता. किल्लीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि तिला तोंड उघडायचीही सवड न देता म्हणाला,

“बदक मरतं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात. तुला वाचायला वेळ कुठला, म्हणून सांगून टाकलं.”

पलीकडे नुसती कसलीशी घरघर चालू होती.

बदक म्हणजे त्या घरातलं तिसरं माणूस होतं. लेक सात वर्षांची असताना तिची आई गेली. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं. शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेल्या किल्लीवाल्याने तेव्हा एका म्हाताऱ्या नावाड्याची आणि त्याच्या तोंडाळ बदकाची गोष्ट विकत आणली आणि मोठ्याने वाचायला घेतली. नावाडी त्याला बेताचाच जमायचा. पण बदक! नाक चिमटीत धरून तो असा काही फणकारायचा, की पोरगी हसून हसून जमिनीवर लोळायची. पुस्तक आणलं होतं मुलीसाठी, पण बदक पुरात दिसेनासं होतं तिथे रडू कोसळलं ते बापाला. पुढचं पान सात वर्षांच्या लेकीने अक्षर अक्षर जुळवत वाचलं.

मग दर दोन-तीन वर्षांनी नवा भाग यायचा. शेजारची शिंपीणबाई आणि तिची सासूही ऐकायला येऊन बसायच्या. नियम एकच होता, एकट्याने पान उलटायचं नाही. लेक नर्स झाली, परगावच्या हॉस्पिटलात नोकरीला लागली, तरी तिने तो मोडला नाही. सहावा भाग ती सुट्टी काढून घरी येऊन वाचून गेली होती.

गेल्या वर्षी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लेक येणार होती. आली नाही. वॉर्डात माणसं कमी, रजा मिळाली नाही. “जगाच्या उशाशी बसायला वेळ आहे, बापाच्या डोळ्यात औषध मात्र शेजारणीने घालायचं,” तो फोनवर म्हणाला. त्यानंतर भांडण वाढलं नाही, बोलणंच आटलं. “जेवलात?” “जेवलो.” संपलं.

आणि सातवा, शेवटचा भाग आला. लेकीने आपणहून फोन केला. “बाबा, रविवारी येते. सुरू करू नका हं!” तो इतका हरखला, की दुकान उघडं टाकून पुस्तक घ्यायला गेला. वरचं वेष्टनही न काढता त्याने ते काउंटरवर ठेवलं.

तो रविवार गेला. दुसरा गेला, तिसराही गेला. दर रविवारी सकाळी फोन यायचा. “बाबा, आज ड्यूटी लावली हो.” इकडे जो तो त्याच पुस्तकावर बोलत होता. तिजोरीची किल्ली करायला आलेले वकील बोलायचे, सायकलचं कुलूप घेऊन आलेली दुसरीतली मुलगी बोलायची. तो कानांवर हात ठेवून ओरडायचा, “पुढचं सांगितलंत तर किल्ली वाकडी घासून देईन!”

शनिवारी दुपारी शिंपीणबाईने सहज विचारलं, “अजून तसंच ठेवलंय? येणार आहे ना ती नक्की?”

विचारलं साधंच होतं, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि वेष्टन फाडलं. रविवारी अकराच्या सुमाराला पुस्तक संपलं. बदकाच्या त्या प्रकरणात तो ढसाढसा रडला. रडायला सोबत नाही, याचाही राग त्याने लेकीवरच काढला. आणि नेमका तेव्हाच तो फोन आला.

“बाबा,” ती म्हणाली. मागे इंजिनाची घरघर होती. “मी बसमध्ये बसलेय. तीनपर्यंत पोचते. चार दिवसांची रजा मिळालीय. दुकान बंद करून कुठे जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं.”

फोन बंद झाला. आपली जीभ झडावी असं त्याला वाटलं. त्याने फाटलेलं वेष्टन चिकटपट्टीने जोडून पाहिलं. जुळेना, तेव्हा केराच्या टोपलीत तळाशी दडपलं.

तीनला ती आली. डोळे सुजलेले होते. “खिडकीतून धूळ आली,” ती म्हणाली. तोंड धुतलं, चहा केला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

“वाचा.”

“अगं, मी मघाशी फोनवर...”

“बसमध्ये कसला आवाज होता बाबा! एक अक्षर ऐकू आलं नाही. वाचा तुम्ही.”

चार दिवस तो वाचत होता. दुकानात गिऱ्हाईक आलं की पान धरून ठेवायचं, गेलं की पुढे. त्याने नाक चिमटीत धरलं, फणकारला, ओरडला. ती हसली. पण पहिल्यासारखी लोळून नाही. बदक बोलू लागलं की ती त्याच्या सदऱ्याची बाही धरायची आणि ते गप्प होईपर्यंत सोडायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ते प्रकरण आलं. खरं काय ते आता तरी कबूल करावं, असं त्याच्या दहादा मनात आलं. तो वाचत राहिला. ती ओळ त्याने कशीबशी वाचली.

लेकीने तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई! बदक मेलं?”

त्याने वर पाहिलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती, डोळे मोठे करून, हुबेहूब सातव्या वर्षी बघायची तशी.

“हो गं,” तो म्हणाला, “मलाही आत्ताच कळलं.”