मंगळवारची शिकवणी

गाडीने आचका दिला आणि भर चौकात तिसऱ्यांदा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न बडवायला सुरुवात केली.

"चुकला पाय," ताई म्हणाल्या. "माफ करा हं, मास्तर."

"घाबरायचं नाही," मास्तर म्हणाले. खरं तर त्यांच्याच छातीत धडधडत होतं. "क्लच दाबा. न्यूट्रल. आता चावी फिरवा. मागच्याला ओरडू दे, आपण काही त्याचं घोडं मारलेलं नाही."

ताई हसल्या. गाडी सुरू झाली. मास्तरांनी रुमालाने तळहात पुसले आणि बाईंना ते दिसलं नसावं अशी मनोमन आशा केली.

एकवीस वर्षं मास्तरांनी लोकांना गाडी शिकवली होती. मग एका सकाळी पुलावर तो ट्रक आला. शिकायला बसलेला शिंपी वाचला, पण त्याचा एक पाय गेला. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक असतो. तो त्यांनी दाबला होता, पण एका श्वासाने उशिरा. त्यानंतरचं त्यांना काही आठवत नव्हतं.

पुढचे चौदा महिने ते गाडीत बसले नाहीत. घरात ताट पडलं तरी भिंतीला चिकटायचे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल. बायको म्हणाली, होईल हो. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांनी मास्तरांना काउंटरवर फॉर्म भरायला बसवलं. माणूस चांगला होता, टाकवत नव्हता.

अशात ताई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, दणकट, कमी बोलणाऱ्या. "शिकेन तर मास्तरांकडेच," म्हणाल्या आणि परत गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वहिनींनी मास्तरांना आत बोलावलं.

"मास्तर, एवढी एक बाई शिकवा. ती पास झाली तर तुमची गाडी तुमच्या ताब्यात. नाही जमलं तर मी नवा माणूस बघते आणि तुम्ही कायमचे काउंटरवर. मीही किती थांबू, सांगा."

मास्तरांनी रडतखडत होकार दिला. ताईंना सुट्टी फक्त मंगळवारी असायची, म्हणून मंगळवार ठरला.

बाई म्हणजे अजब नमुना होता. न सांगता आरसे बघायच्या. एकदा दोन ट्रकांच्या मधल्या फटीत त्यांनी गाडी मागे घेत एका दमात लावली. त्यांच्या उजव्या बुटाची टाच झिजलेली आणि डाव्याची जवळजवळ कोरी होती. एका पायावर जोर देऊन चालत असतील, मास्तरांना वाटलं. पण रस्त्यावर गर्दी वाढली की गाडी आचके देऊन बंद पडायचीच. "चुकला पाय," ताई म्हणायच्या. इतर शिक्षकांनी त्यांचं नाव 'बंदताई' पाडलं होतं.

मास्तरांना त्या थट्टेचा राग यायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाईंच्या मनात कसलीतरी भीती बसली आहे, असं त्यांनी ओळखलं होतं. विचारायचा मात्र त्यांना धीर झाला नाही. दुसऱ्याची भीती सांभाळता सांभाळता आपली थोडी विरली, असं त्यांना वाटायचं आणि त्यासाठी ते मनातल्या मनात बाईंचे आभार मानायचे.

फक्त मंगळवारी घरी आले की त्यांची उजवी पोटरी दगडासारखी झालेली असायची.

"दिवसभर नुसते बसून तर असता," बायको गरम पाण्याची पिशवी देत म्हणायची.

"वय झालं आता," मास्तर म्हणायचे.

आजचा बारावा मंगळवार. पुढच्या आठवड्यात परीक्षा.

"पुलावरून जाऊ या?" ताईंनी विचारलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्हाला जमेल?"

"तुम्ही शेजारी आहात ना."

पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली. मास्तरांनी दाराची कडी घट्ट धरून ठेवली. ताईंच्या बाजूला एक रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. तिच्या ड्रायव्हरने डावीकडच्या खिडकीशी झुकून हाक मारली.

"अहो ताई! एकोणीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवून हौस फिटली नाही होय? सुट्टीच्या दिवशीही गाडीच?"

ताईंनी त्याला हाताने गप्प बस अशी खूण केली. त्याला ती कळली नाही.

"उद्या लवकर या बरं. तुमची गाडी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही." मग त्याने वाकून पलीकडे पाहिलं. "आणि हे ते मास्तर ना? याच पुलावरून तुम्ही आणलेले? वा, छान दिसताहेत की!"

दिवा हिरवा झाला. अ‍ॅम्ब्युलन्स निघून गेली. मास्तर ताईंकडे वळले.

"ताई, तुम्हाला तर..."

"नंतर बोलू, मास्तर. आता समोर बघा."

ताईंनी गिअर टाकला आणि क्लच अलगद सोडला. त्याच वेळी शेजारून एक ट्रक धडधडत पुढे गेला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"चुकला पाय," ताई समोर बघत म्हणाल्या. "माफ करा हं."

बारा मंगळवारांत मास्तरांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. ताईंचा पाय ब्रेकच्या जवळपासही नव्हता. मास्तरांच्या बाजूचा ब्रेक मात्र तळापर्यंत दाबलेला होता आणि त्यावर त्यांचा स्वतःचा उजवा पाय होता, पोटरीपर्यंत ताठ.