शनिवारचा नैवेद्य

"हा फोटो फार जुना आहे," पुरुषोत्तम म्हणाला. "मिशी त्यानं केव्हाच काढलीय. दुसरा छाप ना."

"यातच नंदूभावजी हसताहेत," म्हणत शरयूनं 'हरवले आहेत'च्या पत्रकांचा गठ्ठा गाडीत टाकला.

त्यांच्या वेस्ट विंडसर गावातला एकही खांब तिनं पत्रक लावायचा सोडला नव्हता. नंदू तिचा धाकटा दीर. अंगानं बाप्या, अक्कल पहिलीतल्या पोराची. सासूबाई गेल्यावर पुरुषोत्तमनं त्याला अमेरिकेत आणलं आणि वर्षभरातच टेकीला आला. शेवटी एका संस्थेत कायमचं ठेवायचं ठरलं. शरयू ती बघून आली होती. खाटांना बांधलेली माणसं पाहून ती अर्ध्यातूनच परतली होती.

सोमवारी न्यायचं होतं आणि शनिवारी मॉलमधून नंदू नाहीसा झाला. आइस्क्रीम घेऊन वळले तर जागेवर नाहीत, असं शरयूनं पोलिसांना सांगितलं. मराठी मंडळातल्या बायका मात्र पुरुषोत्तमकडेच बघून कुजबुजायच्या.

शरयूनं कंबर कसली. नंदूसाठी शनिवारचा उपास धरला. केळं घालून शिरा करायचा आणि नैवेद्य घेऊन थेट पेनसिल्व्हेनियातलं देऊळ गाठायचं. संध्याकाळी ती रिकामा, धुतलेला डबा घेऊन परतायची. पुरुषोत्तमला देवधर्मातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो कधी काही विचारत नसे.

आज मात्र तो गाडीपाशीच उभा राहिला. "डिटेक्टिव्हचा फोन होता. एकही लीड नाही म्हणतो. आता गिव्ह अप कर, शरयू." आईच्या मागे सांभाळायला घेतलेला भाऊ होता तो. वाईट त्यालाही वाटत होतं.

शरयूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आज सापडले, तर घरी ठेवाल?"

त्यानं गाडीच्या टपावरचा हात काढून घेतला.

"घरी कसं जमणार? जॉब कोण करणार? संस्थेतच सोडावं लागेल. दुसरा इलाज नाही गं."

"बरं," म्हणत तिनं डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

डेलावेअर नदीचा पूल ओलांडताच तिनं पत्रकं सीटखाली सरकवली. देऊळ मागे पडलं. रिटायर होऊन इकडे राहायला आलेल्या, ओळखीच्या लतिकाकाकूंच्या फार्मवर, कोंबड्यांच्या शेडपाशी, तिनं गाडी थांबवली.

अंडी वेचणाऱ्या माणसानं टोपली जपून खाली ठेवली आणि तो धावतच आला.

"वहिनी, केळं घातलंयस ना?"