बसलिंगप्पांची समाधी

पुढं सरका, पाठीमागचे तुम्हीसुद्धा. टाळ जरा मांडीवर ठेवा. उजनीच्या पाण्यातली एक गोष्ट सांगतो.

"समाधीवर यंत्र न्यायचं नसतं, गुरुशांत. पाप लागंल," म्हणत रुद्रप्पाकाका काठावर आडवे उभे राहिले.

गुरुशांत सोलापूरच्या भवानी पेठेतला बडा टॉवेलवाला. हौसेखातर त्यानं परदेशातून दोन माणसांची पाणबुडी आणवली आणि टेंभुर्णीजवळ धरणाच्या काठाला ठेवली. बायको धनलक्ष्मी येईल त्याला सांगायची, "सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी, आणि आमच्या ह्यांना पाणबुडी!"

आज मात्र हौस नव्हती. धरणात बुडालेल्या गावात त्याचे वडील होते. बसलिंगप्पा, तिथल्या मठाचे कारभारी. पाणी चढू लागलं तसं गाव उठलं, ते उठले नाहीत. 'स्वामींना सोडून येत नाही' म्हणाले आणि मठातच जिवंत समाधी घेतली. त्यांना शेवटचं भेटून निघाले ते धाकटे भाऊ रुद्रप्पा. त्यांनीच ही हकिकत नव्या गावात आणली, नवा मठ उभारला, कारभार सांभाळला. दरसाल उत्सव, कीर्तन, प्रसाद. समाधीचा प्रसंग आला की ऐकणारे डोळे पुसतात.

रडत नसे ती एकटी शिवबाई, बसलिंगप्पांची बायको. तेव्हा गुरुशांत तिच्या पोटात होता. "देव झाले म्हणं. मला एक शब्द न सांगता गेले की," म्हणायची. नवऱ्याच्या नावानं तिनं कधी दिवा लावला नाही.

"वैनी, तुमी तरी समजवा त्याला," रुद्रप्पा म्हणाले.

"मीच जाणार हाय, भावजी. तोंडावर विचारायचंय त्यास्नी."

"काचेतनं बोलणार व्हय, अत्ती?" धनलक्ष्मीनं हसत सासूला विचारलं.

"जल्मभर मी भिंतीशी बोलले. काच बरी."

मायलेक आत बसली, झाकण बसलं. पाणी आधी हिरवं, मग काळं. दिव्याच्या उजेडात गाळ उडत होता. चिंचेचं खोड आलं, मग घडीव दगडाची भिंत.

"हाच मठ," शिवबाईनं काचेवर हात टेकला. इतक्या वर्षांचा राग ओठावर आला. "मी काय आडवी आले असते व्हय? पोटुशी बायको टाकून देव व्हायची एवढी घाई?"

"अव्वा, हात जोड. दार आलं."

तिनं जोडले नाहीत. गुरुशांतनं जोडले. पाणबुडी भिंतीच्या कडेनं सरकत दारापुढं थांबली. वर काठावर रुद्रप्पांनी भजन धरलं होतं.

आता उत्सवाला जाल, प्रसाद घ्याल, जरूर घ्या. पण पाण्यातल्या मठाच्या त्या सागवानी दाराला बाहेरून कडी घातलेली होती, आणि कडीत पहार अडकवलेली. बसलिंगप्पांची आठवण ठेवा, बाबांनो.