गेलेली वाचा

सासऱ्यांच्या मेंदूला झटका आला आणि वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलण्याचा भाग मेंदूत डावीकडे असतो, तोच दुखावलाय. शिव्या मात्र मेंदू दुसरीकडे सांभाळून ठेवतो, त्यामुळे आधी त्या येतील."

महिनाभर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, पण हूं की चूं नाही. रविवारी मी भेटायला गेलो, तर मला बघताच ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आला गाढव!"

सासूबाईंना रडू फुटलं, मेहुण्याने टाळ्या वाजवल्या.

"अगं, शिवी दिली त्यांनी मला!" मी बायकोवर वैतागलो.

"दिली ना! जा, बाहेर जाऊन परत आत ये."



आता डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळ्यांच्या खाली लिहिलंय, 'जावई: दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर.'